दुकानात पाव-अर्धा बरोबर, मग फळ्यावर १/४ मोठा का वाटतो? मुलांना अपूर्णांक घरी असा समजवा

चौथीतल्या पोरीला दुकानात पाठवा. अर्धा किलो शेंगदाण्याचे पैसे दिले आणि दुकानदाराने पाव किलोची पुडी हातात ठेवली, तर ती तिथल्या तिथे भांडेल. तीच पोरगी दुसऱ्या दिवशी शाळेत फळ्यावर १/२ आणि १/४ बघते. मोठा कोणता, असं विचारलं की बिनधास्त १/४ ला गोल करते. का गं? तर म्हणते, "दोनपेक्षा चार मोठे ना!"

वहीत लाल फुली पडते आणि घरी 'गणितात कच्ची आहे' असा शिक्का बसतो. खरं तर पोरगी कच्ची नाही. पाव आणि अर्धा यातला फरक तिला पक्का माहीत आहे, तोही पैशाच्या हिशोबासकट. फळ्यावरचं १/४ हे चिन्ह आणि पुडीतला पाव किलो ही एकच गोष्ट आहे, एवढंच तिला कुणी जोडून दाखवलेलं नाही. तिची चूकही बिनडोक नाही. पहिलीपासून तिला शिकवलंय की आकडा मोठा तर संख्या मोठी. इतकी वर्षं हा नियम कधी चुकला नाही. मग एक दिवस आकड्याखाली आकडा आला आणि नियम उलटा झाला.

हे प्रकरण चौथी-पाचवीत शिकून संपत नाही. दशांश, शेकडेवारी, गुणोत्तर, व्याज, पुढे बीजगणित, सगळीकडे अपूर्णांक बसलेला असतो. शिष्यवृत्तीच्या आणि नवोदयच्या तयारीत तो हमखास येतो. शाळा सुटली तरी तो शेताच्या वाटणीत, बटईच्या हिशोबात आणि फवारणीच्या मात्रेत भेटतो. इथे पाया राहून गेला की 'आपल्याला गणित जमत नाही' हे पोर स्वतःच ठरवून टाकतं, आणि ते एकदा ठरलं की मनातून काढणं फार अवघड.

छेद म्हणजे कापणं

पुस्तकात वरच्या आकड्याला अंश आणि खालच्याला छेद म्हणतात. मुलं हे शब्द पाठ करतात, पण त्यांचा अर्थ विचारत नाहीत. अंश म्हणजे वाटा. छेद म्हणजे कापणं. खालचा आकडा सांगतो की एका गोष्टीचे किती सारखे तुकडे केले, वरचा सांगतो की त्यातले किती घेतले. म्हणजे खालचा ४ ही चार वस्तूंची मोजणी नाहीच. तो तुकड्याचा आकार सांगतो.

ताटातली एक भाकरी घ्या. खाणारे दोघं असतील तर किती येईल, चौघं असतील तर किती, आठ जण पंगतीला बसले तर किती, असं विचारत जा. पोर स्वतःच म्हणेल, खाणारे वाढले की वाटा लहान होतो. मग कागदावर १/२, १/४, १/८ लिहा आणि खालच्या आकड्यावर बोट ठेवून सांगा, "हे बघ, हे खाणारे." बऱ्याच मुलांच्या डोक्यातली गाठ एवढ्यानेच सुटते.

वाचायची पद्धतही बदलून बघा. शाळेत ३/४ ला 'तीन छेद चार' म्हणतात. ते चूक नाही, पण ऐकताना दोन सुटे आकडे ऐकू येतात. घरी 'चार सारख्या वाट्यांपैकी तीन' असं म्हणा. यात आधी किती वाटे केले ते कळतं, मग किती घेतले ते. मराठीत हे बोलणं इतकं सहज आहे की त्याचा फायदा न घेणं वेडेपणाचं ठरेल.

'सारख्या' हा शब्द मात्र गाळू नका. मुलं भांडतात ना, "मोठा अर्धा मला पाहिजे!" तिथेच त्यांना थांबवा. एक तुकडा मोठा असेल तर तो अर्धा कसा? दुसरी अडचण आख्ख्या वस्तूची. पाव कलिंगड आणि अर्धं लिंबू यात मोठं काय? इथे पावच मोठा. म्हणून दोन अपूर्णांकांची तुलना करायची तर दोन्ही एकाच मापाच्या वस्तूचे पाहिजेत. पुस्तकातल्या गणितात हे गृहीत धरलेलं असतं.

भाकरीपेक्षा वहीची पट्टी बरी

भाकरी सुरुवातीला चांगली, पण तिचे पाच किंवा सहा सारखे तुकडे करून दाखवा बघू. मोठ्यांनाही जमत नाही. गोल काढून भाग पाडायला सांगितले की मुलांच्या चित्रातला १/३ कधी कधी १/४ पेक्षा लहान दिसतो, आणि मूल चित्रावर विश्वास ठेवतं. त्यापेक्षा लांब पट्टी सोपी.

मोठ्या रेघी वहीच्या पानाच्या दोन बोटं रुंदीच्या उभ्या पट्ट्या कापा. दोन रेघांमधल्या जागेला एक घर म्हणा. प्रत्येक पट्टीवर बरोबर २४ घरं ठेवा, बाकीची कापून टाका. चोवीसच का? कारण २४ ला २, ३, ४, ६, ८ आणि १२ या सगळ्यांनी भाग जातो. आता एका पट्टीवर अर्धी घरं रंगवा, ती होतील १२. दुसऱ्या पट्टीवर एक तृतीयांश, म्हणजे ८. तिसरीवर पाव, म्हणजे ६. मग १/६ ची ४ आणि १/८ ची ३. सगळ्या पट्ट्या एकाखाली एक मांडल्या की छेद वाढताना रंग कसा आखडत जातो ते डोळ्यांनी दिसतं.

याच पट्टीवर आणखी एक गोष्ट आपोआप कळते. २/४ रंगवा, १२ घरं. ४/८ रंगवा, १२ घरं. नावं वेगळी, माप एकच. पुस्तकात यालाच सममूल्य अपूर्णांक म्हणतात. पट्टी हाताळलेल्या मुलाला ते पाठ करावं लागत नाही.

पट्टीच्या एका टोकाला ० आणि दुसऱ्या टोकाला १ लिहायला विसरू नका. अपूर्णांक म्हणजे रंगवलेलं चित्र, अशी बऱ्याच मुलांची समजूत राहते. प्रत्यक्षात ती शून्य आणि एक यांच्या मधली संख्या आहे, तिला स्वतःची जागा आहे.

आजी-आजोबांना विचारा, त्यांना पावकी येते

हल्ली शाळेत २ ते ३० चे पाढे म्हणतात. जुन्या लोकांना त्यासोबत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ करावी लागे. औट म्हणजे साडेतीन. हे अपूर्णांकांचेच पाढे. आज कुणी ते घोकावेत असं नाही, पण घरात जुनं माणूस असेल तर संध्याकाळी नातवंडाला त्याच्याजवळ बसवा. 'सात पाव किती?' असं विचारलं की आजोबा क्षणात 'पावणेदोन' म्हणतील. तेच वहीत ७/४ असं लिहितात. अंश छेदापेक्षा मोठा कसा, म्हणून पोरं अडतात ती इथे. सात पुड्या पाव-पाव किलोच्या मांडल्या की अडायचं कारण उरत नाही.

या शब्दांच्या पोटातच गणित आहे. पाव हा संस्कृतमधल्या पाद या शब्दावरून आला. पाद म्हणजे पाय. बैलाला पाय चार, त्यातला एक म्हणजे चौथा भाग. पाऊण म्हणजे पाद-ऊन, एकाला पाव कमी. सव्वा म्हणजे पावासकट. पावणेदोन म्हणजे दोनला पाव कमी. म्हणजे 'पूर्ण व्हायला किती कमी आहे' हे बघायची सवय आपल्या बोलीत आधीपासून आहे, आणि अपूर्णांकांची तुलना करताना ती फार कामाला येते.

मोठा कोणता? आधी नजरेने ओळखायचं

५/८ आणि ३/८. तुकडे एकाच मापाचे, एकीकडे पाच आणि दुसरीकडे तीन. यात समजवण्यासारखं फार नाही, मुलं बरोबर सांगतात.

३/५ आणि ३/८. दोन्हीकडे तुकडे तीनच. मग तुकडा कुणाचा मोठा? पाच जणांत कापलेल्याचा. म्हणून ३/५ मोठा. इथे काही मुलं पुन्हा ८ बघून घसरतात. त्यांना परत भाकरीकडे न्या.

३/७ आणि ५/९. इथे छेदही वेगळे आणि अंशही वेगळे. अशा वेळी अर्ध्याला मध्ये घ्यायचं. सातचे अर्धे साडेतीन, आपल्याकडे तीनच, म्हणजे अर्ध्याच्या आत. नऊचे अर्धे साडेचार, आपल्याकडे पाच, म्हणजे अर्ध्याच्या वर. ५/९ मोठा. कागद नाही, पेन नाही. गावाची पैसेवारी ५० पैशांच्या आत की वर यावर चावडीवर तासभर चर्चा होते, तीही अर्ध्याशी केलेली तुलनाच आहे.

५/६ आणि ७/८. दोन्ही अर्ध्याच्या वर, आणि दोघांनाही पूर्ण व्हायला एकच तुकडा कमी. एकाला १/६ कमी, दुसऱ्याला १/८ कमी. ज्याला कमी पडणारा तुकडा लहान, तो पूर्णाच्या जास्त जवळ. म्हणून ७/८ मोठा. पट्टीवर मोजलं तर २० घरं आणि २१ घरं.

हे जमलं की हुशार मुलंही एका जागी फसतात. त्यांना ३/५ आणि ५/७ द्या. "दोघांना दोन-दोन कमी आहेत, म्हणून सारखेच," असं उत्तर येतं. दोन कमी आहेत हे खरं, पण दोन काय कमी? एकाला दोन पंचमांश कमी, दुसऱ्याला दोन सप्तमांश. सातातले तुकडे लहान, म्हणून ५/७ ची तूट कमी आणि ५/७ मोठा. पोर इथे चुकलं तर रागवू नका. ते विचार करतंय म्हणूनच इथपर्यंत आलंय.

गवंड्याचा टेप, सुताराचं सूत

घराचं काम चालू असेल तर गणिताचा तास तिथेच घ्या. गवंडी आणि सुतार इंचाचे आठ भाग करतात आणि एका भागाला सूत म्हणतात. चार सूत म्हणजे अर्धा इंच, सहा सूत म्हणजे पाऊण इंच. आता ५/८ इंच मोठा की ३/४ इंच? वहीत मुलं गोंधळतात. टेपवर पाच सूत आणि सहा सूत, संपला प्रश्न. शेतात पाऊण इंची, सव्वा इंची, दीड इंची, अडीच इंची पाईप पोरांच्या रोज पायाखाली असतात. ते आकाराच्या क्रमाने लावायला सांगा आणि मग प्रत्येकावर खडूने अपूर्णांक लिहायला लावा.

मोबाईल हातात असेल तर त्याची बॅटरीही चालते. ५० टक्के म्हणजे अर्धी, २५ म्हणजे पाव, ७५ म्हणजे पाऊण. ३/५ किती टक्के, हे पोर स्वतः काढेल. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा ॲपवर स्कॅन केले की धड्याचे व्हिडिओही बघता येतात. पण नुसता व्हिडिओ बघून हे येत नाही, पट्टी हाताने कापावीच लागते.

२/५ आणि ३/८ मध्ये फरक किती? एकराला एक गुंठा

काही जोड्या नजरेला दाद देत नाहीत. २/५ आणि ३/८ घ्या. दोन्ही अर्ध्याच्या थोडे आत, जवळजवळ बरोबरीचे वाटतात. इथे अशी एकच वस्तू शोधायची, जिचे पाचही वाटे पडतील आणि आठही. गावात ती वस्तू सगळ्यांच्या ओळखीची आहे: एक एकर, म्हणजे ४० गुंठे. त्याचा पाचवा भाग ८ गुंठे, असे दोन म्हणजे १६. आठवा भाग ५ गुंठे, असे तीन म्हणजे १५. फरक एका गुंठ्याचा.

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. पाच एकरांच्या वाटणीत २/५ च्या जागी ३/८ लिहिलं गेलं तर पाच गुंठे इकडचे तिकडे होतात. रस्त्याकडेची जमीन असेल तर त्याची किंमत सांगायला नको. वाटणीपत्रावर असले आकडे येतात तेव्हा घरातला एक तरी माणूस ते वाचून, गुंठ्यात मांडून बघणारा पाहिजे. नाहीतर कागद लिहिणारा सांगेल ते खरं धरून सही करावी लागते.

वारसात तर वाट्याचाही वाटा पडतो. सहा एकरांचे तीन वारस, प्रत्येकाला १/३, म्हणजे दोन एकर. त्यातला एक वारला आणि त्याच्यामागे चार वारस राहिले, तर त्यांना त्या दोन एकरांचा पाव-पाव, म्हणजे प्रत्येकी अर्धा एकर. मूळ सहा एकरांच्या हिशोबाने तो झाला १/१२. मोठ्या मुलांना आपल्याच घरचा सातबारा दाखवून असा हिशोब करायला द्या, पुस्तकातल्या उदाहरणापेक्षा ती जास्त लक्ष देतील.

शाळेत आणि क्लासमध्ये यासाठी तिरकस गुणाकार शिकवतात. ३/५ आणि ४/७ असेल तर ३ गुणिले ७ बरोबर २१, ४ गुणिले ५ बरोबर २०, म्हणून ३/५ मोठा. युक्ती बरोबर आहे, परीक्षेत वेळ वाचवते. पण हे २१ आणि २० आले कुठून, ते बहुतेक मुलांना सांगता येत नाही. एका वस्तूचे ३५ तुकडे केले तर ३/५ म्हणजे त्यातले २१ आणि ४/७ म्हणजे २०. गुंठ्यांचंच गणित, फक्त ४० च्या जागी ३५. हे न कळता युक्ती पाठ केलेलं मूल महिनाभराने कोणता आकडा कुणाशी गुणायचा ते विसरतं आणि मग अंदाजाने ठोकतं. चौथीतल्या मुलाला ही युक्ती शिकवायची घाई नकोच.

बेरजेतली चूकही इथेच पकडता येते

१/२ अधिक १/३ किती? वरची बेरीज वर, खालची खाली, उत्तर २/५. ही चूक जवळजवळ प्रत्येक वर्गात सापडते. रागावण्याआधी एकच प्रश्न विचारा: २/५ हा अर्ध्यापेक्षा मोठा की लहान? पाचचे अर्धे अडीच, आपल्याकडे दोन, म्हणजे लहान. मग अर्ध्या भाकरीत आणखी भाकरी घातली आणि झाली अर्ध्यापेक्षा कमी? पोर स्वतःच हसतं आणि खोडरबर उचलतं. पट्टीवर १२ घरं आणि ८ घरं मिळून २० होतात, म्हणजे २०/२४, तेच ५/६.

ही गोष्ट फक्त आपल्याकडच्या मुलांची नाही. १९७८ साली अमेरिकेत देशपातळीवरच्या एका चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं की १२/१३ आणि ७/८ यांची बेरीज अंदाजे किती येईल. पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एक-एक आहेत, म्हणून उत्तर २. ते जेमतेम चौघांतल्या एकाने दिलं. निम्म्याहून जास्त मुलांनी १९ किंवा २१ सांगितलं, म्हणजे वरचे आकडे मिळवले नाहीतर खालचे. त्या मुलांना आकडेमोड येत नव्हती असं नाही. ७/८ म्हणजे साधारण किती, हेच डोळ्यांसमोर येत नव्हतं.

म्हणून घरी रोज दहा मिनिटं बसायचं तर बेरीज-वजाबाकीचे ढीग लावू नका. एक जोडी द्या आणि मोठा कोणता ते विचारा. उत्तर बरोबर आलं तरी 'कशावरून?' हे विचाराच, कारण १/२ आणि १/४ मध्ये नुसतं ठोकूनही अर्ध्या वेळा बरोबर येतं. कंटाळा आला की थांबा. आई-बापाला स्वतःला हे येत नसेल तरी अडत नाही. पोरालाच सांगा, "मला समजावून सांग." शिकवताना ते पक्कं होतं.

आठवड्याभराने पट्ट्या पुन्हा काढा आणि जरा अवघड प्रश्न टाका: १/४ आणि १/३ यांच्या मध्ये एखादा अपूर्णांक बसतो का? तीन आणि चार यांच्या मध्ये पूर्ण संख्या नसते, म्हणून बरीच मुलं आधी नाहीच म्हणतात. घाई करू नका. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून ती घरं मोजू लागतील, एकीकडे सहा, दुसरीकडे आठ. मग एक कोरी पट्टी उचलून त्यावर सात घरं रंगवतील आणि खाली लिहितील, ७/२४.